डिलन ऐकायला जाण्यापूर्वी

बॉब डिलनच्या कार्यक्रमाचं तिकीट हातात पडलं की माणसं साधारण एकच तयारी करतात. गाजलेली वीस-पंचवीस गाणी शोधायची, रोज जाता-येता ऐकायची, शब्द पाठ करायचे. मग ती संध्याकाळ येते. दारातच फोन एका कुलूपबंद पिशवीत घालायला लावतात. मंचावर उजेड बेताचाच. पियानोमागे ऐंशी ओलांडलेला एक गृहस्थ बसलेला, श्रोत्यांशी जवळजवळ काहीच न बोलणारा. गाणं सुरू होतं, दोन कडवी संपतात आणि शेजारी एकमेकांना विचारू लागतात, "हे कुठलं?" पाठ केलेल्यांतली दोन-चार झाली तर झाली. जी झाली तीही चालीवरून ओळखू येत नाहीत. एखादा ओळखीचा शब्द कानावर पडला की मग उलगडा होतो. बाहेर पडताना ठरलेल्या तक्रारी ऐकू येतात. आवाज गेला, लोकांची पर्वा नाही, जुनं काही गायलाच नाही.

डिलनला एकदा तरी समोर बसून ऐकावं असं वाटणाऱ्या मराठी रसिकांसाठी हे लिहितो आहे. अल्बम ऐकून जावं का? जरूर जावं, कोरं जाऊच नये. पण गाणी ओळखता यावीत म्हणून ऐकून गेलात तर पदरी निराशा येईल. गाण्यांचं काय झालं आहे ते ओळखता यावं म्हणून ऐकलंत, तर ती संध्याकाळ खूप काही देईल. डिलनचा अल्बम ही गाण्याची अखेरची प्रत नसते. ज्या दिवशी ते यंत्रापुढे गायलं गेलं त्या दिवसाची ती नोंद असते. साहित्याचं नोबेल मिळाल्यावर 2017 मध्ये दिलेल्या व्याख्यानातही त्याने हेच बजावलं, की गाणी वाचण्यासाठी नसतात, गाण्यासाठी असतात. आणि गायची म्हटली की ती दर वेळी तीच कशी राहतील?

रॉक ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ही गोष्ट जड जाते. त्याच्या लेखी अल्बम म्हणजे मूळ संहिता आणि कार्यक्रम म्हणजे तिचं जाहीर वाचन. आपल्या कानांना मात्र हे जड जाऊ नये. किशोरीताईंच्या भूपाची रेकॉर्ड मराठी घरांत झिजेपर्यंत वाजली, पण त्यांच्या मैफलीत तो भूप तानेसकट तसाच व्हावा असं जाणत्या श्रोत्याला कधी वाटलं नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीत राग तीन-साडेतीन मिनिटांत आटोपलेला असे. ती ऐकून बैठकीला गेलेल्या माणसाला ठाऊक असे की इथे तबकडीची नक्कल मिळायची नाही, तबकडीत न मावलेलं मिळायचं. बालगंधर्वांना एकाच पदाला पुन्हा पुन्हा वन्स मोअर मिळायचा, तो ते पद दर वेळी नव्या जागा घेत गात म्हणूनच. बंदिश एक आणि गाणं रोजचं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. डिलनकडे जाताना हाच कान बरोबर न्यायचा.

तुलना फार ताणू नये हेही खरं. डिलन मंचावर ख्यालियासारखा विस्तार करत नाही. त्याच्या संचाचा वाद्यमेळ बसवलेला असतो आणि दौऱ्याच्या एका टप्प्यात तो बहुधा तसाच राहतो. मोठे बदल होतात ते महिन्यांच्या आणि वर्षांच्या अंतराने. ठेका बदलतो, पट्टी बदलते, चाल बदलते, कधी शब्दही बदलतात. त्या त्या रात्रीपुरता मोकळा असतो तो त्याचा गळा. कुठला शब्द ठोक्याच्या मागे रेंगाळत ठेवायचा, कुठले चार शब्द एका दमात घाईने आणून समेच्या आत सोडायचे, हे तो तिथल्या तिथे ठरवतो. त्याच्या गाण्याचा खरा अलंकार आहे तो हा. सुरांची श्रीमंती त्याच्याकडे कधीच नव्हती. शब्द टाकण्यातली लय मात्र अव्वल दर्जाची आहे.

हा कान तयार करायला एक अल्बम घ्यावा तो जानेवारी 1975 मधला 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'. तो चांगला आहे म्हणून तर घ्यावाच, पण मुख्य म्हणजे त्यात गाणी बदलताना रंगेहाथ सापडतात. सप्टेंबर 1974 मध्ये डिलनने हा सगळा अल्बम न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केला. कव्हरं छापून झाली. मग डिसेंबरात, प्रकाशन तोंडावर आलेलं असताना, तो मिनेसोटातल्या घरी गेला. तिथे त्याच्या भावाने मिनीॲपोलिसमधले स्थानिक वादक जमवले आणि दहापैकी पाच गाणी पुन्हा नव्याने गायली गेली. कव्हर आधीच छापलेलं असल्याने त्या वादकांची नावं अल्बमवर आली नाहीत. 2018 मध्ये या सत्रांचा मोठा संच निघाला तेव्हा कुठे त्यांना त्यांचं श्रेय मिळालं.

यातलं 'टँगल्ड अप इन ब्लू' दोन्ही रूपांत ऐकावं. न्यूयॉर्कचं रूप 1991 मध्ये बाहेर आलं. त्यात गिटार आणि बास एवढीच सोबत आहे. आवाज खाली, जवळून बोलल्यासारखा, आणि गोष्ट बरीचशी तिसऱ्याच कुणाची: तो, ती, त्यांची ताटातूट. मिनीॲपोलिसला ते गाणं गिटारवादक केव्हिन ओडेगार्डच्या सूचनेवरून वरच्या पट्टीत नेलं. त्याबरोबर गळ्याला ताण आला, ताणाबरोबर घाई आली, आणि 'तो'च्या जागी बऱ्याच ठिकाणी 'मी' आला. तीच गोष्ट, पण आता सांगणारा तिच्यातून अजून बाहेर पडलेला नाही. त्या वर्षी डिलन न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन रेबेन या चित्रकाराकडे शिकायला जात होता. काल, आज आणि उद्या एकाच चौकटीत कसे बघायचे हे तिथे शिकलो, असं त्याने पुढे सांगितलं आहे. या गाण्यात ते ऐकू येतं. कडवं बदलतं तसा काळ मागे-पुढे सरकतो, आणि सांगणारा माणूस तोच आहे की दुसरा, याची खात्री देता येत नाही. 1984 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याने हेच गाणं एकट्या गिटारवर गायलं. 'रिअल लाइव्ह' या अल्बममध्ये ते आहे. तिथे शब्दच इतके बदललेले आहेत की मुखडा सोडला तर जवळजवळ नवीन गाणं.

'इडियट विंड'चा प्रवास याहून तीव्र आहे. न्यूयॉर्कमध्ये ते खचलेल्या माणसाचं गाणं होतं. संतापाचे शब्द होते, पण ते उच्चारणाऱ्याचा जीव थकलेला. मिनीॲपोलिसमध्ये ठेका आला आणि थकव्याची जागा रागाने घेतली. मे 1976 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला मैदानावरच्या कार्यक्रमात ते तिसऱ्यांदा ध्वनिमुद्रित झालं आणि 'हार्ड रेन' या अल्बमवर आलं. तिथे तर तो गातो की ओरडतो हे कळू नये इतका प्रक्षोभ आहे. ही तिन्ही रूपं लागोपाठ ऐकली की डिलनच्या कार्यक्रमाची निम्मी तयारी झाली म्हणायची. भाव शब्दांत आधीपासून ठेवलेला नसतो, त्या दिवशीचा गळा तो ठरवतो, हे कानाला एकदाच आणि कायमचं पटतं.

दुसरी तबकडी एका कार्यक्रमाचीच घ्यायची. 17 मे 1966 रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलन गायला. ती टेप वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून चोरून विकली गेली आणि 1998 मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली. पूर्वार्धात तो एकटा, गिटार आणि माउथऑर्गन घेऊन. उत्तरार्धात विजेची गिटार आणि मागे पूर्ण संच. लोकगीतांचा नवा आवाज म्हणून ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यांना हा उत्तरार्ध म्हणजे द्रोह वाटला. शेवटच्या गाण्याआधी प्रेक्षकांतून एक जण त्याला 'जूडस' म्हणून ओरडतो, तो क्षण प्रसिद्ध आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याआधीची एक साधी जागा. 1964 च्या अल्बमवर एकट्या गिटारवर गायलेलं 'आय डोन्ट बिलीव्ह यू' सुरू करण्यापूर्वी तो सहज सांगतो की हे गाणं आधी तसं होतं, आता ते असं आहे. एवढंच. समर्थन नाही, माफी नाही. त्याचा पुढचा सगळा प्रवास या एका निवेदनात मावतो, आणि तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता.

बदलणारा नेहमी तोच असतो असंही नाही. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे गाणं 1967 च्या 'जॉन वेस्ली हार्डिंग'वर अडीच मिनिटांचं आहे: गिटार, बास, ड्रम, माउथऑर्गन, संपलं. (या अल्बमच्या कव्हरवर डिलनच्या शेजारी बंगालचे पूर्ण दास आणि लक्ष्मण दास हे दोन बाऊल उभे आहेत. आपल्याकडच्या किती जणांनी ते कव्हर बघितलं असेल आणि त्यांना ओळखलं नसेल!) पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते गाणं विजेच्या गिटारवर असं काही वाजवलं की मूळ रूप झाकलं गेलं. एखादा कलावंत रुसला असता. डिलनने मात्र 1974 पासून मंचावर ते हेंड्रिक्सच्या वळणाने गायला सुरुवात केली. आजवर सर्वांत जास्त वेळा, दोन हजारांहून अधिक वेळा, त्याने मंचावर गायलेलं गाणं हेच आहे. स्वतःची चीज दुसऱ्याने सजवली तर ती सजावटीसकट परत घ्यावी, हा मोठेपणा आपल्या घराण्यांतही सर्रास दिसत नाही.

आता आवाजाबद्दल. आवाज गेला ही तक्रार ऐकली की विचारावंसं वाटतं, कुठला? 1962 च्या पहिल्या अल्बमवर विशीतला मुलगा म्हाताऱ्याच्या नाकातल्या आवाजात गातो. 1969 च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'वर तोच माणूस मऊ, गोल, गुळगुळीत आवाज लावतो. माहीत नसेल तर गायक दुसराच वाटेल. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो पूर्ण छातीने गातो. 1997 च्या 'टाइम आऊट ऑफ माइंड'वर आवाज खरवडलेला आहे. निर्माता डॅनिएल लान्वाने त्याभोवती गुंजनाचं दाट धुकं उभं केलंय, आणि त्या धुक्यातून येणारा तो खरवडलेला स्वर मरणाच्या छायेतल्या त्या गाण्यांना असा शोभतो की 1998 चं वर्षातल्या उत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी त्याला मिळालं. डिलनला स्वतःला मात्र ते धुकं पटलं नाही. पुढच्या अल्बमपासून त्याने निर्मिती स्वतःकडे घेतली, जॅक फ्रॉस्ट हे टोपणनाव लावून.

म्हणजे आवाज ही त्याच्यापाशी कधीच एक ठेव नव्हती. प्रत्येक टप्प्यावर हाताशी आहे त्या आवाजाला शोभेल असं गाणं तो बांधत आला. याचा सर्वांत शहाणा दाखला 2015 चा 'शॅडोज इन द नाइट'. यात त्याचं स्वतःचं एकही गाणं नाही. फ्रँक सिनात्राने गायलेली जुनी गाणी आहेत, आणि ती त्याने सिनात्राच्याच कॅपिटॉल स्टुडिओत, मोजक्या वादकांना एका खोलीत घेऊन, कानाला हेडफोन न लावता, एकत्र बसून गायली. भव्य वाद्यवृंदाचं काम एका स्टील गिटारवर भागवलं. 2017 च्या 'ट्रिप्लिकेट'पर्यंत अशी बावन्न गाणी झाली. अनेकांनी कपाळाला हात लावला: नोबेलविजेत्या कवीने दुसऱ्यांची प्रेमगीतं कशाला गावीत? मला तो उतारवयातला रियाज वाटतो. या गाण्यांत लांब श्वास लागतो, सूर धरून ठेवावा लागतो, शब्दाचा शेवट सांभाळून खाली ठेवावा लागतो. हे सगळं त्याने सत्तरी ओलांडल्यावर नव्याने घटवलं. त्याचं फळ पुढच्या अल्बममध्ये दिसतं, आणि कार्यक्रमाला जाणाऱ्याने मुक्काम करायचा तो याच अल्बमवर.

'रफ अँड राउडी वेज' जून 2020 मध्ये आला. 2012 च्या 'टेम्पेस्ट'नंतर आठ वर्षांनी आलेली ही त्याची स्वतःची दहा गाणी. अल्बमचं नाव जिमी रॉजर्सच्या 1929 च्या गाण्यावरून घेतलेलं आहे, आणि उसनवारीची ही खूण अल्बमभर पसरलेली आहे. पहिल्याच गाण्याचं नाव वॉल्ट व्हिटमनच्या कवितेतून आलंय. ड्रम जवळजवळ नाहीतच. गिटारी आणि स्टीलच्या स्वरांवर आवाज तरंगत राहतो. माझ्यात अनेक जण नांदतात, असं सांगणाऱ्या या गाण्यात तो ॲन फ्रँक, इंडियाना जोन्स आणि रोलिंग स्टोन्स यांना एका रांगेत बसवतो. गंमत वाटते आणि अंगावर काटाही येतो. इथला स्वरलगाव ऐकावा. ओळीचा शेवट तो ओढत नाही, फेकतही नाही, अलगद टेकवतो. सिनात्राच्या गाण्यांची कमाई ती हीच.

दुसरं गाणं 'फॉल्स प्रॉफेट'. त्याचा दणकट ठेका आणि गिटारचा तुकडा 1954 मध्ये बिली 'द किड' इमर्सनने सन रेकॉर्ड्ससाठी गायलेल्या एका ब्लूजचा आहे. ही चोरी का? पाश्चात्त्य समीक्षकांत यावर बरंच रण माजतं. आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असायचे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. ठुमरीची चाल, लावणीची चाल, कानडी पदाची चाल. वर शब्द नवे आणि गाणारा आपला. फरक एवढाच की आपल्या नाटककारांनी चालीचा पत्ता डोक्यावर छापला आणि डिलन तो श्रोत्याला शोधायला लावतो. हा त्याचा दोष मानायचा तर मानावा. पण ते गाणं ऐकताना जुन्या ठेक्यावर नवं उद्दाम स्वगत कसं चढतं, हे बघण्याचा आनंद त्यामुळे कमी होत नाही.

तिसरं, 'माय ओन व्हर्शन ऑफ यू', हे तर या उसनवारीवरचंच गाणं म्हणता येईल. फ्रँकेन्स्टाइनसारखा एक माणूस शवागारांतून आणि मठांतून अवयव गोळा करतो आणि त्यातून कुणाला तरी घडवू पाहतो. गिटारवर एक उतरती ओळ पायरी पायरीने खाली येत राहते, तळघरात उतरावं तशी. वरवर भयकथा, आतून कारागिराचं मनोगत. जुने अवयव जोडून त्यात जीव ओतायचा, हाच तर या अल्बमचा उद्योग. 'आय हॅव मेड अप माय माइंड टु गिव्ह मायसेल्फ टु यू' या समर्पणाच्या गाण्यात ओफेनबाखच्या 'टेल्स ऑफ हॉफमन' या ऑपेरातल्या नौकागीताची चाल झुलते. मागे हुंकार देणारे आवाज आहेत आणि मधोमध हा म्हातारा गळा सावकाश कबुली देतो. ती कबुली प्रेयसीला आहे की देवाला की श्रोत्यांना, हे तो शेवटपर्यंत उघड करत नाही. दोन्ही-तिन्ही अर्थांनी ऐकून बघावं. गाणं प्रत्येक अर्थ पेलतं.

'मदर ऑफ म्यूझेस' ही नांदी आहे, फक्त ती नाटकाच्या उत्तरार्धात येते. ग्रीकांच्या कलादेवतांच्या आईला, म्हणजे स्मृतीला, केलेलं आवाहन. मध्येच तो सेनापतींची नावं घेतो: शर्मन, माँटगोमेरी, झुकोव्ह, पॅटन. यांनी वाट मोकळी केली म्हणून एल्व्हिस प्रेस्ले गाऊ शकला आणि यांनीच मार्टिन ल्यूथर किंगसाठी वाट कोरली, असं त्याचं सांगणं. गाणाऱ्याने सैनिकांचं ऋण इतक्या साध्या आवाजात मान्य करावं हे आजच्या काळात विरळाच. 'क्रॉसिंग द रुबिकॉन' आणि 'गुडबाय जिमी रीड' या दोन ब्लूजमध्ये संच मोकळा सुटतो. त्यांवर फार थांबायला नको. ती मंचावरच ऐकावीत.

थांबायचं ते नवव्या गाण्यावर. 'की वेस्ट' साडेनऊ मिनिटांचं आहे. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला, जमीन संपते तिथे वसलेलं हे गाव. ॲकॉर्डियनचा एक सूर लाटेसारखा येतो आणि जातो, ठेका असून नसल्यासारखा, आणि एक म्हातारा समुद्री चाचा रेडिओवर जुनी गाणी ऐकत अमरत्वाची चौकशी करतो. सुरुवात होते ती 1901 मध्ये गोळी लागलेल्या अध्यक्ष मॅकिन्लींपासून. आणि त्याच्या पाठोपाठ येतं शेवटचं, सतरा मिनिटांना जरा कमी, 'मर्डर मोस्ट फाउल': 22 नोव्हेंबर 1963, डॅलस, केनेडींचा खून. दोन मारल्या गेलेल्या अध्यक्षांमध्ये अमेरिकन विसाव्या शतकाचा मोठा भाग उभा राहतो. या शेवटच्या गाण्याला धड ताल नाही. पियानो, व्हायोलिन आणि तबकातून सांडावेत तसे ड्रमचे तुरळक आघात. पूर्वार्धात खुनाचा तपशील येतो. उत्तरार्धात गाणारा रेडिओवरच्या निवेदकाला एकामागून एक गाण्यांची फर्माईश करत सुटतो. जॅझ, ब्लूज, रॉक, नाटकं, सिनेमे. एका खुनाचा शोक एवढ्या गाण्यांनी करायचा, कारण देशाकडे शोक करायला दुसरं काही उरलेलं नाही. टाळेबंदीच्या मार्च 2020 मध्ये हे गाणं अचानक प्रसिद्ध झालं आणि बिलबोर्डच्या एका यादीत पहिलं आलं. डिलनने स्वतः गायलेलं गाणं बिलबोर्डच्या कुठल्याही यादीत पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा तो एकोणऐंशीला टेकला होता.

नोव्हेंबर 2021 मध्ये मिलवॉकीहून या अल्बमच्या नावाचा दौरा निघाला. साधारण सतरा गाण्यांच्या कार्यक्रमात नऊ या एकाच अल्बमची असत. दहावं, 'मर्डर मोस्ट फाउल', त्याने बाहेर ठेवलं. तयारीची दिशा इथेच ठरते. साठच्या दशकातले विक्रमी अल्बम कितीही थोर असोत, 'हायवे 61 रिव्हिजिटेड' पाठ करून या दौऱ्याला गेलेल्या माणसाने दुसऱ्याच परीक्षेचा अभ्यास केला होता. उरलेली गाणीही त्याने आडबाजूची निवडली. 'नॅशव्हिल स्कायलाइन'मधलं एक, 'जॉन वेस्ली हार्डिंग'च्या शेवटचं एक, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरच्या काळातलं 1979 चं 'गॉटा सर्व्ह समबडी', आणि शेवटाला बहुधा 1981 चं 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड'. लोकप्रियतेच्या निकषावर ही निवड गोंधळाची वाटेल. अल्बम कानात असतील तर तिच्यातलं सूत्र दिसतं. सेवा, समर्पण, वाळूचा कण, स्मृतीची देवता: म्हाताऱ्या माणसाने आवराआवर करताना हाताशी ठेवावीत अशीच ही गाणी आहेत.

आणि ही नवी नऊ गाणीही अल्बमसारखी राहिली नाहीत. पियानो, जो अल्बमवर मागे होता, मंचावर पुढे आला. डिलनचा पियानो सफाईचा नाही. तो स्वरांचे गुच्छ ठोकतो, गाण्याच्या वाटेत आडवा येतो, कधी वादकांना बुचकळ्यात टाकतो. 1989 पासून साथीला असलेला बासवादक टोनी गार्निए त्याच्या हातांकडे टक लावून बसलेला असतो, तो उगाच नाही. 'की वेस्ट'ची चाल तर दौऱ्यात वरचेवर बदलली. ॲकॉर्डियनच्या लाटा गेल्या आणि पुढे ते जवळजवळ कीर्तनकाराच्या गद्य निरूपणासारखं झालं, मोजक्या स्वरांवर बोललेलं. मूळ गाणं मनात पक्कं असेल तरच या निरूपणात काय गळलं आणि काय उरलं ते कळतं. ज्याने ते आधी ऐकलेलंच नाही, त्याला फक्त एक म्हातारा पुटपुटताना ऐकू येईल. आधी ऐकण्याचा सगळा उपयोग आहे तो हा.

डिलनची प्रत्येक रात्र उत्तम असते असा दावा कुणीही करू नये. काही रात्री गळा बसलेला असतो, काही गाण्यांची नवी चाल जुनीपेक्षा उणी असते, काही वेळा पियानोचा अडथळाच होतो. बदल हा गुण आपोआप होत नाही. तरीही साठ वर्षांपूर्वी ठरलेलं गाणं साठ वर्षं त्याच पट्टीत गाऊन टाळ्या वसूल करणाऱ्या अनेक नामवंतांपेक्षा मला हा माणूस अधिक प्रामाणिक वाटतो. तो श्रोत्याला आठवण विकत नाही. आज या गाण्याकडे बघून मला काय वाटतं, एवढंच तो सांगतो.

तेव्हा तिकीट काढलं असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'रफ अँड राउडी वेज', सबंध, सलग, शक्यतो शब्द समोर ठेवून. मग 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' आणि त्याची न्यूयॉर्कची रूपं. मग 1966 चं मँचेस्टर, आणि शेवटी 'शॅडोज इन द नाइट'. एवढे चार पुरेत. लोकप्रिय गाण्यांची यादी घरी ठेवा, ओळखीचं गाणं कधी येतं याची वाट बघू नका, आणि पहिल्या दोन गाण्यांवरून निकाल देऊ नका. डिलनचा गळा तापायला वेळ लागतो. आणि तो ऐंशी ओलांडून गेला आहे हे लक्षात ठेवून तिकीट काढायला उशीर करू नका.